पाचट, माळ आणि शेततळं: या चुका टाळा

शेती आणि हवामान बदल या विषयावर हल्ली गावोगाव कार्यक्रम होतात. माणसं येतात, टोपी घेतात, चहा पितात, फोटो काढतात आणि घरी जाऊन काडेपेटी शोधतात. खालच्या चुका मी इतक्या वेळा बघितल्यात की आता लिहून ठेवलेलं बरं. क्रम महत्त्वाप्रमाणे लावलेला नाही. ज्या चुकीने मला जास्त चीड येते ती आधी घेतली आहे.

पाचट पेटवणं

ऊसतोड टोळी फडातून बाहेर पडली की दोन-चार दिवसांत पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचा, धूर सुरू होतो. कारणं ठरलेली: सरीत पाणी पुढे सरकत नाही, उंदीर-साप होतात, बुडखे (तोडणीनंतर उरलेली उसाची खुंटं) छाटायला मजूर मिळत नाहीत, आणि रान कसं 'स्वच्छ' दिसलं पाहिजे. यातलं शेवटचंच खरं कारण, असं माझं मत आहे. काळं रान बघून माणसाला काम झाल्यासारखं वाटतं.

हेक्टरी साधारण 8 ते 10 टन पाचट निघतं, म्हणजे एकरी तीन-चार टन. ते जाळलं की त्यातला कर्ब हवेत जातो, नत्र आणि गंधकही बहुतांश धुरासोबत जातं, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात जमीन उघडी पडते. मग तीच माणसं कृषी केंद्रात सेंद्रिय कर्ब वाढवायचं औषध मागायला येतात. बाटलीही विकली जाते. कोण नाही म्हणणार?

पण पाचट ठेवणाऱ्यांचीही एक चूक असते आणि जाळणारे तिच्याकडे बोट दाखवून जाळतात. शेजारच्या गावातल्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. पुण्यातली नोकरी सोडून आलेला, मोबाइलवर शंभर व्हिडिओ बघून झालेले. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, पाचट पसरलं, पाणी दिलं आणि मोकळा झाला. बुडखे छाटले नाहीत, वरून काही टाकलं नाही. दीड-दोन महिन्यांत खोडवा पिवळा पडला, फुटवे बारीक. चुलत्यांकडे तक्रार घेऊन गेला, "आण्णा, पाचटानं ऊस खाल्ला."

आण्णा म्हणाले, "पाचटाला तू काय खायला घातलंस, ते सांग आधी."

प्रश्न बरोबर होता. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी नावाला. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. तुम्ही दिलं नाही तर ते जमिनीतलं उचलतात आणि तेवढा काळ ऊस उपाशी राहतो. कुजणं पुढे सरकलं की तेच नत्र परत मिळतं, पण तोवर थांबायला धीर लागतो. पोराकडे तो नव्हता. पुढच्या तोडणीनंतर त्याने सगळ्यांसारखं पाचट पेटवलं, तेही भर दुपारी, वारा सुटलेला असताना. आग बांध ओलांडून आण्णांच्याच रानात गेली. ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटल्या, बांधावरचा जुना आंबा एका अंगाने होरपळला. एकरभर पाचटाला युरियाची एक गोणीही पुरी लागत नाही. नळ्यांचा खर्च कितीला पडला ते आण्णांना विचारू नका, अजून चिडतात.

आता करायचं काय? कृषी विद्यापीठाची शिफारस जुनीच आहे: एक टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत. एकरी हिशेब केला तर युरिया 25 ते 30 किलो. टोळी गेली की पहिल्या दोन-तीन दिवसांत बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटून घ्या. हे टाळलं की फुटवा वरच्या डोळ्यांतून येतो आणि पुढे लोळतो. पाचट सरीत सारखं पसरा, ढीग ठेवू नका. युरिया आणि सुपर पाचटावर फेका, जिवाणू शेणकाल्यात मिसळून शिंपडा, मग पाणी. पहिलं पाणी हळू जातं. जाऊ द्या. मी त्या दिवशी दुसरं काम ठेवत नाही, सरीच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा राहतो.

नंतरची खतं पाचटावर फेकायची नाहीत. सरीच्या बगला नांगराने फोडायच्या नाहीत, कुळवही नाही. वाफसा आला की (जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही अशी झाली की) पहारीने बुडख्यापासून 10-15 सेंमी अंतरावर तेवढंच खोल छिद्र घ्यायचं, खत टाकून मातीने बुजवायचं. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत, दुसरा साधारण साडेचार महिन्यांनी विरुद्ध बाजूला. मजूर कुरकुरतात, कारण वाकून काम आहे. पण नांगरटीचं डिझेल वाचतं, खुरपणी जवळपास संपते आणि उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या लांबतात. पाचट बारीक करायचं कुट्टी यंत्र मिळालं तर वापरा, नाही मिळालं म्हणून अडून बसू नका.

(उसाने किती पाणी प्यावं, आणि माण-खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांत तो लावावाच का, हा वेगळा विषय. माझं उत्तर लोकांना आवडत नाही.)

उभा ऊस पेटवून तोडणं तर बोलण्याच्याही पलीकडचं. जळीत उसाला कारखाना कपात लावतो, वजन घटतं, तरी टोळी म्हणते म्हणून लोक काडी लावतात.

माळावर झाडं लावणं

हे वाचून काहींना राग येईल. येऊ द्या.

सातारा-सांगलीच्या पूर्व भागातले, सोलापूर-नगरचे माळ हे उजाड झालेलं जंगल नाही. कमी पाऊस, मुरमावर वीतभर माती, आणि त्यावर पवन्या, मारवेल, कुसळीसारखं गवत. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल हे सगळे या मोकळ्या रानाचे रहिवासी. माळढोकासाठी सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य 1979 साली झालं, ते याच गवताच्या भरवशावर. या गवताचा कर्ब वर दिसत नाही, मुळांत आणि मातीत असतो. म्हणून वणवा लागला किंवा दोन दुष्काळ गेले तरी त्याचा मोठा हिस्सा टिकतो. झाडाच्या खोडातल्या कर्बाला ही हमी नाही. पण गवताशेजारी उभं राहून फोटो चांगला येत नाही आणि सरकारी नकाशात माळ 'पडीक' रंगवलेला असतो. 2017 ते 2019 या तीन वर्षांत राज्यात 4 कोटी, 13 कोटी आणि 33 कोटी असं वृक्षलागवडीचं उद्दिष्ट चढत गेलं, तेव्हा एवढे खड्डे खणायला जागा कुठे शोधली असेल याचा अंदाज करा.

एका गावच्या गायरानात झालेली लागवड मी जवळून बघितली. जुलैत शहरातून बस भरून माणसं आली. त्याआधी जेसीबीने उतारावर सलग चर ओढून झालेले, गवताचे गड्डे उलटेपालटे. गिरिपुष्प, गुलमोहर, निलगिरी आणि कुठल्याशा रोपवाटिकेत उरलेली पामची रोपं. हो, पाम, मुरमाड माळावर! आलेल्यांनी मनापासून काम केलं, यात शंका नाही. एकाने मला विचारलं, "काका, ही झाडं मोठी व्हायला किती वर्षं लागतील?" मी म्हटलं, टँकर किती वर्षं येणार त्यावर आहे. टँकर दिवाळीपर्यंत आला.

उन्हाळ्यापर्यंत गिरिपुष्प सोडून बाकी सगळं वाळलं. पुढच्या पावसात खरं नुकसान दिसलं. जिथे माती उलटली होती तिथे पवन्या परत आला नाही. त्या पट्ट्यांत तरोटा आणि गाजरगवत. दर वर्षी दिवाळीनंतर तिथे मेंढरं बसवणारे धनगर त्या वर्षी थांबले नाहीत, पुढे निघून गेले. त्यामुळे खालच्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसल्या नाहीत, लेंडीखत गेलं, ती कसर रासायनिक खताने भरली. हवामानासाठी लावलेल्या झाडांचा हा जमाखर्च कुणाच्या अहवालात येत नाही.

माळावर काही करायचंच असेल तर पहिल्या पावसाळ्यात काहीच करू नका. फक्त बघा काय उगवतं. नवशिक्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, निधी मार्चआधी खर्च करायचा असतो ना. नंतर माळाचे तीन-चार भाग पाडा, आलटूनपालटून एकेक भाग चराईला बंद ठेवा, आणि बी पडून गेल्यावर गवत विळ्याने कापून न्या. हिवरे बाजारला मोकाट चराई बंद करून गवत कापून नेऊ देतात, ते सगळे कौतुकाने बघून येतात. आपल्या गावात परतल्यावर मात्र पुन्हा खड्डेच खणतात.

झाडं लावायला जागा भरपूर आहे: बांध, ओढ्याची काठं, घरामागे, शाळेभोवती. बोर, हिवर, बाभूळ, कडुनिंब, आपटा लावा. रोप लहान घ्या, सहा फुटी रोपाचा हट्ट नको. त्याची मुळं पिशवीतच गोल फिरलेली असतात.

शेततळ्यात बोअरचं पाणी भरणं

शेततळं पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला असतं. आपल्याकडे खड्डा करतात, प्लॅस्टिक अंथरतात आणि विहीर-बोअर उपसून भरतात. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून पापडासारखं उन्हात वाळत घालायचा हा प्रकार आहे. शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते ते वेगळंच. अस्तर असल्यामुळे त्यातून थेंबही जमिनीत मुरत नाही. तळं उताराच्या खालच्या अंगाला घ्या, पाणी आत येण्याआधी गाळ बसायला छोटा खड्डा ठेवा, आणि मोटारीचा पाइप तिकडे वळवू नका. एवढंच.

बाकीच्या, थोडक्यात

जीवामृताचं पिंप महिनाभर ठेवणं. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो डाळीचं पीठ, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवा, गोणपाट झाका, दोन वेळा ढवळा, आठवड्यात संपवा. घट्ट झाकण लावू नका. आणि जमिनीवर आच्छादन नसेल तर ते ओतून फार काही हाती लागत नाही. आच्छादनाला मेहनत लागते, म्हणून लोक नुसतं पिंप ढवळतात.

रासायनिक खत एका हंगामात पूर्ण बंद करणं. श्रीलंकेने एप्रिल 2021 मध्ये देशभर हेच केलं. भाताचं उत्पादन कोसळलं, चहालाही फटका बसला, नोव्हेंबरात निर्णय मागे घ्यावा लागला. एका तुकड्यापासून सुरू करा, ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं फुलोऱ्याच्या आत जमिनीत गाडा, खत टप्प्याने कमी करा.

डोंगराचा माथा सोडून पायथ्याचा नाला खोल करणं. वरून माती येतच राहते, दोन-तीन पावसाळ्यांत खड्डा गाळाने भरतो. नंतर पुन्हा पोकलेन. कंत्राटदार खूश.

देवराई 'साफ' करणं. खालची झुडपं, वेली, पडलेलं लाकूड हीच देवराई. ती काढून फरशी बसवली की उरतं ते मंदिराचं अंगण.

'गवत चांगलं येतं' म्हणून डोंगर पेटवणं. डिसेंबरातच जाळपट्टे (आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढलेले पट्टे) काढून घ्या.

कार्बन क्रेडिटच्या कागदावर न वाचता सही करणं. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. तुमच्या एकरातून वर्षाला किती टन धरलेत, करार किती वर्षांचा आहे, मधेच झाड तोडलं किंवा जमीन विकली तर काय, हे एजंटाला विचारा. तो चहा न पिता निघाला तर समजून जा.

माती परीक्षण भलत्या जागचं

हे सगळं करून कर्ब वाढला का, ते बघायला लोक नमुना घेतात बांधाजवळून, झाडाखालून किंवा उकिरड्याच्या जागेवरून. मग आकडा बघून फटाके वाजवतात. नमुना पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी घ्या. वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडायची. एकरात आठ-दहा ठिकाणची माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा. दर वर्षी त्याच महिन्यात आणि त्याच तुकड्यातून घ्या. एका वर्षात फरक दिसला नाही म्हणून मला फोन करू नका, तिसऱ्या-चौथ्या वर्षी करा. पिशवीवर गट नंबर आणि तारीख बॉलपेनने नाही, शिसपेन्सिलने चिठ्ठीवर लिहून आत टाका. ओलाव्याने शाई पसरते आणि प्रयोगशाळेत तुमची माती दुसऱ्याच्या नावावर जाते.