काकडी वापरताना या चुका टाळा

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की खानदेशात भाकरीसोबत काकडी हमखास येते. मात्र १०० ग्रॅम काकडीत सुमारे ९५ ग्रॅम पाणीच असते आणि उष्मांक जेमतेम १५, हे ध्यानात न घेतल्यानेच ती करताना बहुतेक चुका होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कोशिंबिरीत मीठ आधी घालणे. मीठ लागताच काकडीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि पाने वाढेपर्यंत दाण्याच्या कुटाचा लगदा होतो. खमंग काकडीसाठी ती किसू नये, कोचवावी: काकडी हातात उभी धरून सुरीने टोकावर जवळजवळ घाव घालावेत आणि मग आडवी कापत जावे, म्हणजे बारीक, करकरीत तुकडे पडतात व पाणी कमी सुटते. कूट, कोथिंबीर आणि जिरे-मिरचीची फोडणी आधी तयार असावी. मीठ व लिंबू मात्र वाढतानाच घालावे. तरीही सुटलेले पाणी पिळून मोरीत ओतू नये, कारण त्याबरोबर क जीवनसत्त्व आणि पोटॅशियमही वाहून जाते. थालीपिठाला तर हेच पाणी हवे असते. किसलेल्या काकडीला मीठ लावून दहा मिनिटे ठेवावे आणि त्यात मावेल तेवढीच भाजणी घालावी.

कडू काकडीचा शेंडा कापून, घासून फेस काढला की कडूपणा जातो, हा समज पक्का असला तरी खरा नाही. कुकुर्बिटासिन हे कडू द्रव्य मुख्यतः देठाकडे आणि सालीलगत असते, आणि कडक उन्हात वेलाला पाण्याचा ताण पडला की ते वाढते. म्हणून देठाकडचा दोन-तीन सेंटिमीटर भाग सरळ काढून टाकावा व एक फोड चाखावी. ती जहर कडू लागली तर काकडी टाकूनच द्यावी. शिजवूनही कडूपणा जात नाही आणि पोटात कळा येऊन उलट्या होऊ शकतात. कोवळ्या काकडीची साल मात्र काढू नये. ती स्वच्छ धुऊन सालीसकट खावी, कारण तंतू आणि के जीवनसत्त्व सालीत अधिक असते.

केळीच्या या मुलखात आणखी एक चूक घरोघरी दिसते: पिकत्या केळ्यांच्या फणीशेजारीच काकड्या ठेवल्या जातात. केळ्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने त्या लवकर पिवळ्या व मऊ पडतात. त्या वेगळ्या टोपलीत, सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात.