नव्या पीसीत रॅमची कुरबुर: दोष नेमका कुठे, कसा शोधाल?

हौसेनं पार्ट निवडून पीसी जोडला, विंडोज टाकलं, आणि आठवडा व्हायच्या आत निळी स्क्रीन. कधी तिच्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असं येतं, कधी भलतंच काहीतरी. क्रोमचे टॅब आपोआप बंद पडतात. मोठी झिप फाइल एकदा ‘खराब आहे’ म्हणते आणि तीच पुन्हा उघडली तर सुरळीत उघडते. हे शेवटचं लक्षण दिसलं की आधी रॅमवर संशय घ्या. आणि हो, लगेच विंडोज पुन्हा टाकायला बसू नका. रॅम चुका करत असेल तर नवं विंडोजही बिघडलेलंच उतरू शकतं.

रॅम डीडीआर५ या नव्या पिढीची असेल तर आणखी एक. पहिल्यांदा चालू करताना किंवा रॅमची स्टिक बदलल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. मदरबोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून पॉवरचं बटण दाबू नका.

आधी वेग उतरवा

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (एएमडीच्या बोर्डावर एक्सपो) हे रॅमचा वेग चढवणारं प्रोफाइल बंद करा. खोक्यावर ६००० हा वेग छापलेला असला तरी तो ओव्हरक्लॉकच, म्हणजे ठरलेल्यापेक्षा चढवलेला वेगच असतो. प्रोसेसर आणि बोर्ड तो पेलतीलच, अशी हमी कोणी देत नाही. प्रोफाइल बंद केलं की डीडीआर५ बहुधा ४८०० किंवा ५६०० वर येते. तिथे सगळं शांत झालं तर स्टिक बहुतेक धड आहेत, भानगड वेगाची आहे. तिथेही चुका दिसल्या तर स्टिक, स्लॉट किंवा बसवण्यात गडबड आहे. निम्मा तपास इथेच होतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

मग रात्रभर चाचणी

पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर टाका, त्यावरून पीसी सुरू करा आणि झोपा. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात, तेवढ्या पुरतात. एक जरी एरर आली तरी नापास. ‘हजारात एक चालते’ असला हिशेब रॅमला लागू नाही. विंडोजमधली मेमरी चाचणी पास झाली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, तिच्या नजरेतून बरंच सुटतं.

एकेक स्टिक

एरर आली तर पीसी बंद करा, वायर काढा, केसच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवा. पुण्याच्या कोरड्या थंडीत हे विसरू नका. दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. ए२ आणि बी२ असं बोर्डावर लिहिलेलंही असतं. अनेक बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते. त्यामुळे क्लिप लागली तरी दुसरं टोक किंचित वर राहू शकतं. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबा आणि डोळे स्लॉटच्या पातळीला आणून बघा: सोनेरी पट्टी एका टोकाला जास्त दिसत असेल तर स्टिक अजून बसलेली नाही.

आता एकच स्टिक ए२ मध्ये ठेवून चाचणी घ्या, मग त्याच जागी दुसरी. एकच स्टिक नापास झाली तर दोषी तीच. दोन्ही त्या स्लॉटमध्ये नापास आणि बी२ मध्ये पास होत असतील तर स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरचं सॉकेट तपासा. सॉकेटमधली एखादी पिन वाकली किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले, तरी हेच होतं.

बायोस

तुमच्या बोर्डाच्या नेमक्या मॉडेलचा ताजा बायोस कंपनीच्या साइटवरून घ्या. रॅमशी न जुळण्याच्या बऱ्याच तक्रारी त्यानेच मिटतात. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरवाल्यांनी तर तो टाकायलाच हवा: २०२३ मध्ये प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारींनंतर एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या, रॅम सांभाळणाऱ्या भागाच्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा बायोसमधूनच आली. अपडेट यूपीएसवर करा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुणेकराला वेगळं सांगायला नको.

वेग परत चढवताना

प्रोफाइल पुन्हा चालू करा आणि रात्रभर तपासा. ६००० वर एरर आली तर ५६०० वर या. गेममध्ये हा फरक बहुतेकांना जाणवणारही नाही, त्यासाठी व्होल्टेजशी खेळत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चार स्टिक लावल्या असतील तर अपेक्षाच कमी ठेवा. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकना ५२००, चारला फक्त ३६००. आज एक, दिवाळीत दुसरी अशी खरेदीही टाळा. मॉडेल एकच असलं तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात.

जानेवारीच्या रात्री पास झालेली रॅम एप्रिलच्या दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना गेममध्ये लटपटू शकते. अशा वेळी टेबलाच्या कप्प्यात कोंडलेला पीसी बाहेर काढून बघा.

दोष गेल्यावर कमांड प्रॉम्प्टवरून सिस्टिम फाइल चेकर चालवून विंडोजच्या फाइल दुरुस्त करून घ्या. स्टिकच खराब निघाली तर एररच्या स्क्रीनचा फोटो आणि बिल घेऊन वॉरंटीला द्या. जोडी घेतली असेल तर दोन्ही स्टिक सोबत न्या, बहुतेक कंपन्या संचच बदलून देतात. बदलून आलेल्या जोडीलाही कामाला लावण्याआधी एक रात्र मेमटेस्टवर ठेवा.