सॅक्रामेंटो किंग्जचा इतिहास कुठून आणि कसा वाचायचा

एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, एखादी टीम आवडायला लागली की आपण आधी सर्च करतो ते ती किती वेळा चॅम्पियन झाली, आणि किंग्जच्या बाबतीत तिथेच गाडी अडते, कारण उत्तर येतं एकदाच, तेही 1951 साली, आणि तेव्हा ही टीम कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात नव्हतीच. मग वाटतं यात वाचण्यासारखं आहे काय? माझ्या मते एनबीएमधला सगळ्यात भरलेला इतिहास याच टीमचा आहे, फक्त तो ट्रॉफ्यांच्या बाजूने वाचायला गेलात तर हाताला काही लागणार नाही. कसा वाचायचा ते सांगतो.

आधी कागद घ्या आणि गावं लिहा, वर्षं नंतर. रॉचेस्टर, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी, सॅक्रामेंटो. आता प्रत्येक गावापुढे एकच प्रश्न लिहा, इथून बिऱ्हाड का हललं? न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर, तिथे ही टीम रॉचेस्टर रॉयल्स होती, लेस हॅरिसन मालकही आणि कोचही. 1951 च्या फायनलमध्ये यांनी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पहिल्या तीन मॅच सलग जिंकल्या, मग सलग तीन हरले आणि सातवी मॅच 79-75 ने काढली. पण गाव लहान, तिकिटं खपेनात, लीग मोठ्या शहरांकडे सरकत होती, म्हणून 1957 मध्ये सिनसिनाटी. 1972 मध्ये कॅन्सस सिटीला गेले तर तिथे रॉयल्स नावाची बेसबॉल टीम आधीच होती, म्हणून नाव झालं किंग्ज, आणि सुरुवातीची काही वर्षं होम मॅच कॅन्सस सिटी आणि ओमाहा अशा दोन गावांत वाटलेल्या असायच्या. 1985 ला सॅक्रामेंटो. एवढं झालं की अर्धा सांगाडा तयार.

आता माणसं. यासाठी सोपी युक्ती म्हणजे रिटायर केलेल्या जर्सींची यादी काढा, म्हणजे जे नंबर परत कोणाला मिळत नाहीत आणि स्टेडियमच्या छताला टांगलेले असतात ते. किंग्जच्या छताला 14 नंबर ऑस्कर रॉबर्टसनचा आहे, जो सॅक्रामेंटोसाठी एकही मॅच खेळलेला नाही! 1961-62 च्या सीझनमध्ये त्याची दर मॅचची सरासरी होती 30.8 पॉइंट, 12.5 रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल), 11.4 असिस्ट (ज्यावरून बास्केट झाला असे पास), म्हणजे पूर्ण सीझनची ट्रिपल-डबल, तिन्ही आकडे दहा किंवा जास्त, आणि हे पुन्हा कोणाला जमायला 2017 उजाडलं. टीमने 1970 मध्ये त्याला मिलवॉकीच्या टीमला देऊन टाकलं आणि पुढच्याच वर्षी तो तिकडे चॅम्पियन झाला. 1 नंबर टायनी आर्चिबाल्डचा, 1972-73 मध्ये एकाच सीझनला पॉइंटमध्येही पहिला (34.0) आणि असिस्टमध्येही पहिला (11.4). 6 नंबर तर खेळाडूचा नाहीच, तो प्रेक्षकांचा आहे, कोर्टवर पाच जण आणि सहावे आपण.

पण यादीत 12 आणि 27 हे दोन नंबर आले की तिथे थांबा, घाई करू नका. 12 मॉरिस स्टोक्स, 27 जॅक ट्वायमन. मार्च 1958, मिनियापोलिसमध्ये रेग्युलर सीझनची शेवटची मॅच, स्टोक्स पडला, डोकं जमिनीवर आपटलं, शुद्ध गेली, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला परत खेळायला पाठवलं. तीन दिवसांनी तो प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांची, मॅचसुद्धा खेळला. परतीच्या विमानात तब्येत बिघडली, कोमात गेला, आणि शरीर कायमचं लुळं पडलं. वय 24. तेव्हा खेळाडूंना आजच्यासारखं विम्याचं कवच नव्हतं. टीममधला ट्वायमन त्याचा कायदेशीर पालक झाला, एक गोरा एक काळा, काळ पन्नाशीच्या दशकातला अमेरिकेचा, आणि दवाखान्याच्या खर्चासाठी तो वर्षानुवर्षं चॅरिटी मॅच भरवत राहिला, 1970 मध्ये स्टोक्स जाईपर्यंत. आज एनबीए सगळ्यात चांगल्या टीममेटला जे अवॉर्ड देते ते या दोघांच्या नावाने आहे. आकडेवारीच्या पानावर स्टोक्सच्या नावापुढे फक्त तीन सीझन दिसतात, म्हणूनच म्हणतो, आकड्यांच्या जोडीला माणसाबद्दल वाचा.

तिसरी गोष्ट, एकच सिरीज, म्हणजे प्लेऑफमध्ये दोन टीममध्ये होणारी सात मॅचपर्यंतची लढत, निवडा आणि ती पूर्ण बघा. हायलाइट नाही, पूर्ण मॅच. किंग्जसाठी ती 2002 ची वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाची फायनल, समोर लॉस एंजेलिस लेकर्स. ख्रिस वेबर, व्लाडे दिवाक, पेजा स्टोयाकोविच, माइक बिबी, कोच रिक अॅडलमन, 61 विजय, त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त. चौथ्या मॅचमध्ये 24 पॉइंटची आघाडी होती आणि ती हळूहळू विरघळत गेली, शेवटच्या क्षणी किंग्ज 99-97 ने पुढे, लेकर्सच्या कोबी ब्रायंटचा शॉट चुकला, शकील ओनीलचा चुकला, दिवाकने बॉल धोक्याच्या जागेतून बाहेर ढकलला आणि तो नेमका थ्री पॉइंट लाइनवर उभ्या रॉबर्ट हॉरीच्या हातात! 100-99. आता मॅच मागे घ्या आणि हाफटाइमच्या आधीचा शेवटचा शॉट बघा, लेकर्सच्या समाकी वॉकरने लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट, वेळ संपल्यावर हातातून सुटलेला, तरी मोजला गेला. मॅच गेली एका पॉइंटने. पुढच्या सीझनपासून एनबीएने अशा शॉटसाठी व्हिडिओ रिप्ले आणला. हे असं काही फक्त पूर्ण मॅच बघितली तरच दिसतं.

सहाव्या मॅचवर तुम्हाला ढीगभर व्हिडिओ सापडतील, शेवटच्या क्वार्टरमध्ये लेकर्सना 27 फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) मिळाले त्याबद्दल, आणि नंतर 2008 मध्ये माजी रेफरी टिम डोनॅगीने केलेल्या, रेफरींनी ही मॅच फिरवल्याच्या आरोपांबद्दल, जे लीगने फेटाळले. राग येणं साहजिक आहे, मलाही येतो. पण त्यासोबत सातव्या मॅचचा बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता, उघडाच, घरच्या मैदानावर किंग्जने 30 पैकी 16 फ्री थ्रो घातले आणि ओव्हरटाइममध्ये 112-106 ने हरले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायच्या.

त्यानंतरचा काळ म्हणजे 2006 ते 2022, सलग 16 सीझन प्लेऑफ नाही, एनबीएचा रेकॉर्ड. यातला प्रत्येक सीझन वाचायची गरज नाही, खरंच नाही. ड्राफ्टची, म्हणजे टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याची, यादी बघा, 2018 मध्ये दुसऱ्या नंबरला पुढे सुपरस्टार झालेला लुका डॉन्चिच सोडून मार्विन बॅगलीला घेतलं, तेवढं पुरे.

त्याऐवजी या काळात स्टेडियमचं काय चाललं होतं ते वाचा, कारण खरी लढाई तिथे होती. जुनं स्टेडियम थकलेलं, मालक मालूफ कुटुंब कधी अॅनाहाइमशी बोलतंय तर 2013 मध्ये थेट सिएटलच्या ग्रुपला टीम विकायला निघालेलं. शहराचा महापौर केविन जॉन्सन, स्वतः माजी एनबीए खेळाडू, त्याने नवीन मालक आणि नवीन स्टेडियमचा प्लॅन उभा केला, फॅन लोक रस्त्यावर उतरले, आणि लीगच्या मालकांनी 22-8 मतांनी स्थलांतर नाकारलं. ज्यांनी टीम घेतली त्या ग्रुपचे प्रमुख विवेक रणदिवे, आपल्या मुंबईत जन्मलेले, एनबीए टीमचे भारतात जन्मलेले पहिले मुख्य मालक. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये भारतातल्या पहिल्या एनबीए मॅच झाल्या त्यात किंग्ज होते ते यामुळेच, समोर इंडियाना पेसर्स, पहिली मॅच ओव्हरटाइमला गेली आणि 132-131 ने पेसर्सनी घेतली.

शेवटी 2022-23 बघा. डी'आरॉन फॉक्स, डोमँटास साबोनिस, कोच माइक ब्राउन, 48 विजय, आणि प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात सोडला जाणारा जांभळा प्रकाशझोत. प्लेऑफच्या पहिल्या राउंडच्या सातव्या मॅचमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टेफ करीने 50 पॉइंट मारले आणि सगळं संपलं, तरी त्या रात्रीची गर्दी 16 वर्षं थांबलेली होती हे आता तुम्हाला माहीत असेल. लाइव्ह बघायचं असेल तर सॅक्रामेंटोची संध्याकाळची मॅच आपल्याकडे सकाळी साडेसात-साडेआठला लागते, ऑफिसच्या आधी एक हाफ तरी होतो.

हे झालं की पुढची टीम ओक्लाहोमा सिटी थंडर घ्या, कारण 2008 मध्ये ती सिएटलहून गेली, आणि 2013 ला सिएटलवाले किंग्जसाठी एवढे का धडपडत होते ते तिथे कळतं.