जर्मनीत राहायला जाताय? आधी पत्त्याची नोंद उरका

व्हिसा, विमा, तिकीट आणि सुरुवातीच्या खर्चाचे युरो यांची व्यवस्था झाली आहे असं धरतो. जर्मनीत उतरल्यावर टॅक्स, पगार, बँक, राहण्याचं परमिट अशी सगळी कामं एकाच कामापाशी येऊन थांबतात. ते म्हणजे आनमेल्डुंग, राहत्या पत्त्याची सरकारी नोंद. कायद्याने मुदत दोन आठवडे. हे दोन आठवडे प्रत्यक्ष राहायला गेल्याच्या तारखेपासून मोजतात, भाडेकरार केल्याच्या तारखेपासून नाही.

१. जागा

भाडं विचारण्याआधी विचारा, ‘इथे आनमेल्डुंग करता येईल ना?’ उत्तर ‘बघू’ असं आलं तर ते ‘नाही’ समजा आणि पुढची जागा बघा. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांहून जास्त मागता येत नाही. मूळ भाडं म्हणजे हीटिंग-पाणी वगळून. ही रक्कम तीन हप्त्यांत देण्याचा हक्कही तुम्हाला आहे. ‘मी परगावी आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं म्हणणारा मालक हा मालक नसतो.

२. टर्मिन

टर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट. शहराच्या ब्युर्गरआम्टच्या, म्हणजे ही नोंद करणाऱ्या नागरी कार्यालयाच्या, साइटवर ती घ्या. बर्लिनमध्ये शहरातलं कुठलंही ब्युर्गरआम्ट चालतं, घराजवळचंच हवं असं नाही. दोन आठवड्यांच्या आतली तारीख मिळत नसेल तर मिळेल ती घ्या आणि बुकिंगचा पुरावा जपून ठेवा. कोणी तारीख रद्द केली की ती साइटवर परत दिसते, म्हणून सकाळी पुन्हा डोकावत राहा.

३. घरमालकाचा कागद

खरी गोची इथे होते. कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. उच्चार जमला नाही तरी चालेल, कागद मात्र हवाच. ‘भाडेकरार दाखवला की काम होतं’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. तुम्ही पैसे द्यायचं कबूल केलंत एवढंच करारावरून कळतं. तुम्ही अमुक तारखेला तिथे राहायला आलात हे या कागदावरून कळतं, आणि खिडकीतल्या माणसाला तेच हवं असतं.

कागद एका पानाचा असतो. कोरा नमुना शहराच्या साइटवर मिळतो. तो आपणच भरून मालकापुढे सहीला ठेवा, म्हणजे ‘पाठवतो, पाठवतो’मध्ये आठवडा जात नाही. त्यात जागा देणाऱ्याचं नाव-पत्ता, तो स्वतः मालक नसेल तर मालकाचं नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव असावं लागतं. बायको-मुलांची नावं गाळली तर त्यांच्यासाठी नवा कागद आणावा लागतो.

मित्राच्या फ्लॅटमधली खोली पोटभाड्याने घेतली असेल तर सही मूळ भाडेकरू करतो. पण त्याने पोटभाडेकरूसाठी मालकाची परवानगी घेतलेली आहे का, हे आधी विचारा. घेतली नसेल तर तो सहीला टाळाटाळ करणार, आणि त्याचं कारण तुम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळणार.

कागद देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. तो नाही म्हणाला तर गप्प बसू नका, ही गोष्ट लगेच नोंदणी कार्यालयाला कळवा. कळवणं ही तुमचीही जबाबदारी आहे. आणि पैसे घेऊन नुसता पत्ता ‘देणाऱ्यां’च्या वाटेला जाऊ नका. कोणी राहत नसताना पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय तुमची टपालं त्या पत्त्यावर जातील ती वेगळीच.

४. खिडकीवर

सगळ्यांचे मूळ पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाचा कागद न्या. जोडपं असेल तर विवाह नोंदणीचा दाखलाही न्या. तो फक्त मराठीत असेल तर अधिकृत जर्मन अनुवादासकट.

फॉर्मवरचा धर्माचा रकाना गंमत म्हणून भरू नका. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिकांनी तिथे ‘कॅथलिक’ लिहिलं की चर्च टॅक्स सुरू होतो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये तो इन्कम टॅक्सच्या ८ टक्के असतो, बाकी राज्यांत ९ टक्के.

नोंदणीची पावती हातात आली की उठण्याआधी नावाचं अक्षरन् अक्षर तपासा. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव बहुधा सलग असतं. तिथे ती दोन्ही तुमचीच नावं धरली जातात. ते तसंच राहू द्या आणि पुढे सगळीकडे तसंच लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं की दोन कार्यालयांच्या नोंदी जुळत नाहीत.

५. पेटीवरचं नाव

जर्मन पत्त्यात सहसा इमारतीचा नंबर असतो, फ्लॅटचा नसतो. ‘फ्लॅट नं. ४, दुसरा मजला’ ही आपली सवय तिथे कामाची नाही. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून टपाल टाकतो, आणि आडनाव दिसलं नाही तर पत्र परत पाठवतो. पहिल्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर पासपोर्टच्या स्पेलिंगमध्ये आडनाव चिकटवा. कागदाची पट्टी आणि वर चिकटपट्टी पुरते. दुसऱ्याच्या पेटीत टपाल येणार असेल तर पत्त्यात ‘केअर ऑफ’ घालून त्याचं आडनाव लिहा.

कारण आनमेल्डुंगनंतर काही आठवड्यांत ११ आकडी टॅक्स नंबर टपालानेच येतो. तो कंपनीला मिळाला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सर्वांत जास्त, टॅक्स कापला जाऊ शकतो. तो नंतर परत मिळतो, पण पहिला पगार फार बारीक दिसतो. बँकेचं कार्ड आणि त्याचा पिन नंबरही बहुधा वेगवेगळ्या पाकिटांतून येतात. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येईल. ते फसवणुकीचं समजून फेकू नका. ही वर्गणी दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो असते, माणशी नाही. घरातलं कोणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवून टाका.

६. व्हिसावरून परमिटकडे

व्हिसा संपण्याच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात परमिटचा अर्ज पोचलाच पाहिजे. फोटो भारतातून काढून नेऊ नका, मे २०२५ पासून तिथे डिजिटल फोटोच लागतो. परमिटचं कार्ड येईपर्यंत मिळणाऱ्या तात्पुरत्या दाखल्यावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते बघा. खूण जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१, पोटकलम ४ समोर असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. पोटकलम ३ समोर असेल तर गणपतीला घरी जायचं तिकीट काढू नका.

७. गाडी

भारतीय लायसन्स तिथे सहा महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, म्हणून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिसऱ्या महिन्यातच नाव घाला.