जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

आजी समोर बसल्यात, मोबाइल सुरू आहे आणि आपण म्हणतो, "म्हणा ना एखादी ओवी." आजी पदर सावरतात आणि म्हणतात, "आता काय ध्यानात ऱ्हायलंय बाबा." इथंच बरेच जण चहा पिऊन परत फिरतात.

आजी विसरलेल्या नसतात, समोर जातं नसतं एवढंच. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण इथं अक्षरशः खरी आहे, कारण ओवीची चाल हाताच्या फेऱ्यावर बसलेली असते. गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेलं जातं झाडून घ्या, सुपात चार मुठी जोंधळे ठेवा. रिकामं जातं फिरवायला लावू नका, दगडावर दगड घासतो आणि जुन्या बायकांना ते अशुभही वाटतं. पलीकडच्या बाजूला शेजारीण किंवा जाऊ बसवा. पाऊण तास "येत न्हाई" म्हणणाऱ्या एका आजींचा हात खुंट्यावर गेलेला मी पाहिला आहे. वरची तळी दोन-चारदा फिरली आणि माहेरच्या वाटेची ओवी सुरू झाली. मग एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं पुढची द्यायची, असं दळण संपेपर्यंत चाललं. गावात जातंच उरलं नसेल तर लग्नघर गाठा. हळदीच्या वेळी जातं पुजतात तेव्हा जाणत्या बायका कुणी न सांगता गातात.

घरी येऊन ऐकावं तर नुसती घरघर, ही तक्रार नेहमीची. मोबाइल जमिनीवर ठेवलेला असतो आणि दगडाची थरथर थेट त्यात उतरते. घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा, गाणारीच्या तोंडाच्या बाजूला, जात्यापासून लांब. फोन फ्लाइट मोडवर टाका. दळताना एकदा घ्या आणि दळण थांबल्यावर त्याच ओव्या नुसत्या म्हणायला सांगून पुन्हा घ्या. पहिल्यात चाल मिळते, दुसऱ्यात शब्द.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र उतरवून घेताना होतं. लिहिणारा शिकलेला असतो, त्याचा हात आपोआप 'शुद्ध' करायला जातो. 'इठ्ठल'चा 'विठ्ठल' होतो, 'न्हाई'चं 'नाही' होतं, 'बया' खोडून 'आई' येते. ओवीतली बया म्हणजे आईच, पण 'बया'च्या तीन मात्रा आणि 'आई'च्या चार, तेवढ्यानं ओळ अडखळते. शिवाय त्या बाईनं आयुष्यभर आईला ज्या नावानं हाक मारली ते नावच गेलं. राघू आणि मैना म्हणजे बहुतेक वेळा पक्षी नव्हेत, तिची लेकरं. चुडा म्हणजे नुसत्या बांगड्या नव्हेत, तिचं सौभाग्य, तिचा नवरा. असा शब्द आला की अंदाज न बांधता तिलाच विचारा. आणि गाताना येणारं 'बाई', 'गं', अर्ध्या ओळीची पुनरावृत्ती हे भरताड समजून गाळू नका. बोलून दाखवलेली दोन ओळींची ओवी गाताना पाच-सहा ओळींची होते. दोन्ही रूपं लिहून ठेवा.

'ही अमुक तालुक्याची ओवी' असं लिहिण्याआधी थांबा. गाणारी त्या गावात लग्न होऊन आलेली असते, ओव्या तिच्याबरोबर माहेराहून येतात. म्हणून माहेरचं गाव आणि सासरचं गाव अशी दोन्ही टिपा, आणि ओवी आईकडून आली की सासूकडून हेही. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तारीख, गाव, तालुका आणि गाणारीचं नाव मोठ्यानं बोला. 'न्यू रेकॉर्डिंग १४' या फाइलमध्ये कोण गातंय ते सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात ओव्या गोळा करण्याचं काम हाती घेतलं. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आणि २०१७ पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहातून त्या लोकांपर्यंत पोचताहेत. त्यात विठ्ठल आणि भाऊराया आहेत, तसेच बाबासाहेब आंबेडकरही आहेत, सासुरवास आहे, मारहाण आहे. आपण मात्र गोड गोड माहेरच्या ओव्या निवडतो आणि दलित वस्तीत जातच नाही. मग आपल्या संग्रहातली बाई कधी रागावतच नाही. मला ही चूक सगळ्यात जास्त खुपते.

परवानगीचं थोडं. घरातला मुलगा "करा की रेकॉर्ड" म्हणाला म्हणजे झालं असं नाही. ओवीत सासूचं, दिराचं, भावाचं नाव येतं आणि ती माणसं गावातच राहत असतात. बाहेर काय द्यायचं, काय नाही, ते तिलाच विचारा. फाइलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक तिच्या नातवाच्या मोबाइलवर.

आणि निघण्याआधी रेकॉर्डिंग तिला ऐकवा. मोबाइल कानाशी धरून ती शेवटपर्यंत ऐकते, मध्येच हात वर करते आणि म्हणते, "हितं चुकलं माझं. पुन्यांदा घे."