एमजीबीचा इंधन पंप खरंच बिघडलाय का? काढण्याआधी असं तपासा

1962 ते 1980 या काळात बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारमध्ये टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे पाठवणारा, एसयू या ब्रिटिश कंपनीचा इलेक्ट्रिक पंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो. वेगात गाडी अचानक दम सोडते, थोडी थांबली की पुन्हा चालते, अशी तक्रार आली की पहिला संशय त्याच्यावरच जातो. पण अनेकदा दोष वायरीचा, अर्थचा (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या अर्थिंगचा) किंवा टाकीच्या झाकणाचा निघतो. म्हणून तपासणी क्रमाने करा.

काम मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर करा. अग्निशामक जवळ ठेवा आणि उघडा दिवा वापरू नका.

आधी कान द्या. इंजिन सुरू न करता चावी फिरवा. चांगला पंप काही सेकंद भराभर टिकटिकतो, कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबर (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या वाट्या) भरल्या की थांबतो. नंतर अधूनमधून एखादी टिक आली तर पेट्रोल कुठेतरी झिरपतंय: बाहेर गळती, फ्लोटची (वाटीतलं पेट्रोल बंद करणारी) सुई नीट बसत नसेल, किंवा पंपाचा एकमार्गी व्हॉल्व्ह. टिकटिक अखंड आणि वेगात चालली तर टाकी रिकामी आहे किंवा टाकी ते पंप या नळीतून हवा ओढली जातेय.

पंप गप्प असेल तर मल्टीमीटर घ्या. पंपाच्या पांढऱ्या वायरीचं जोडकाम न सोडता तिथलं व्होल्टेज बघा. वायर सोडून मोजलंत तर गंजलेल्या जोडातूनही पूर्ण 12 व्होल्ट दिसतात आणि फसगत होते. काळ्या अर्थ वायरीचा जोड घासून स्वच्छ करा. 1967 पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, त्यामुळे मीटरवर उणे चिन्ह दिसलं तर घाबरू नका.

व्होल्टेज आणि अर्थ ठीक, तरी पंप गप्प? पेचकसाच्या मुठीने पंपाच्या बॉडीवर हलकेच टकटक करा. चालू झाला तर आतले पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) जळालेत. हा तात्पुरता उपाय आहे, घरी पोहोचण्यापुरता. टोपण काढून पॉइंट बघा. खड्डे पडले असतील तर घासण्याऐवजी नवीन बसवा.

टिकटिक होते, पण गाडी दमते? मग पुरवठा मोजा. चावी बराच वेळ चालू राहणार, म्हणून इग्निशन कॉइलवरची (ठिणगीसाठी वीज वाढवणाऱ्या भागावरची) डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर काढून ठेवा, म्हणजे कॉइल तापणार नाही. कार्बोरेटरकडची नळी सोडून धातूच्या डब्यात घाला. 30 सेकंदांत एक इंग्लिश पाइंट, म्हणजे साधारण 570 मिली पेट्रोल यायला हवं. नळीचं तोंड पेट्रोलमध्ये बुडवा. बुडबुडे येतच राहिले तर हवा पंपाच्या आधीच्या जोडातून शिरतेय. धार बारीक असेल तर टाकीचं झाकण सैल करून पुन्हा मोजा. फरक पडला तर दोष टाकीच्या हवेच्या वाटेचा. तरीही कमीच राहिली तर टाकीकडची नळी, जाळी आणि शेवटी पंपाचा डायफ्रॅम (पेट्रोल ढकलणारा लवचीक पडदा) तपासा.

भारतात आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. नळी बोटांनी दाबून पाहा: मऊ, फुगलेली किंवा बारीक भेगांची असेल तर इथेनॉल सोसणारी बसवा, पंप नवा घेतलात तरीही.