फुलीचा स्क्रू का घसरतो? बाइकचे नट-बोल्ट उघडताना या चुका टाळा

पुढच्या ब्रेकच्या लिव्हरपाशी ब्रेक ऑइलची छोटी टाकी असते. तिच्या झाकणावर दोन बारके फुलीचे स्क्रू असतात, आणि घरच्या घरी बाइक खोलणाऱ्यांच्या हातून हेच स्क्रू हमखास बिघडतात. पावसापाण्याने स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या आट्यांत धरून बसतो. आपण हाताला लागेल तो स्क्रू ड्रायव्हर घेतो, तो घसरतो, आपण आणखी जोर लावतो. फुलीची खोबण झाली की पाच मिनिटांचं काम दिवसभर पुरतं.

जपानी बनावटीच्या बाइकवर यात आणखी एक मेख असते. त्यांच्या फुल्या बऱ्याचदा जेआयएस या जपानी मानकाच्या असतात आणि नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर त्यांत तळापर्यंत बसत नाही. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून तर फसायला होतं. स्क्रूच्या माथ्यावर एक बारीक ठिपका दिसला तर तो जेआयएस समजावा. ठिपका नसला तरी ड्रायव्हर लावून हलवून बघावा, डुगडुगला तर तो चुकीचा. जेआयएस ड्रायव्हर फिलिप्स स्क्रूलाही चालून जातो, त्यामुळे एकच संच घ्यायचा असेल तर माझं मत त्याच्याच बाजूने. ड्रायव्हरच्या मापाच्या नंबरकडेही लक्ष हवं. इंजिनच्या कव्हरचे मोठे स्क्रू बरेचदा ३ नंबरचे असतात आणि लोक त्यांना २ नंबर लावून पिळत बसतात.

स्क्रू जाम असेल तर आधी फुलीतली माती सुईने टोकरून काढा. गंज सोडवणारं तेल टाका आणि ते मुरायला वेळ द्या, दोन मिनिटं नव्हे, जमल्यास रात्रभर. मग हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोक्यासरशी याचं टोक थोडं फिरतं), दिशा उघडण्याची आहे ना हे पाहून. हा इंजिनच्या कव्हरला उत्तम. ब्रेकच्या टाकीवर मात्र हातोडी जपून. तिथलं ओतकाम पातळ असतं, हलक्या टिचक्याच द्याव्यात. कडा थोड्या झिजल्या असतील तर ड्रायव्हरच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा, पकड बरीच सुधारते. फक्त टाकी उघडण्याआधी पेस्टचा कण न् कण पुसून घ्या.

षट्कोनी बोल्टचं गणित सोपं आहे. घट्ट बोल्ट सोडवायला सहा कोनी गोटी (सॉकेट) किंवा रिंग पाना, बारा कोनी नको; तो कोपऱ्यांच्या अगदी जवळ पकडतो आणि कोपरे खातो. उघड्या तोंडाचा पाना सैल झालेला बोल्ट फिरवण्यापुरता. ॲडजस्टेबल पाना बाइकच्या पेटीत नसलेलाच बरा. बोल्टचं डोकं पातळ असेल तर गोटीच्या तोंडाची आतली उतरती कडा बघा: कड उतरती असलेली गोटी अशा डोक्याला वरच्यावरच पकडते. ॲलन बोल्टसाठी (डोक्यात षट्कोनी भोक असलेला) गोल टोकाची की फक्त सैल बोल्ट फिरवायला, घट्ट सोडवायला सपाट टोकाचीच. ॲलनचं भोक गोल झालंच, तर किंचित मोठा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट ठोकून बसवतात आणि सावकाश फिरवतात. तो बोल्ट नंतर फेकूनच द्यायचा.

आता कसण्याकडे. कित्येकांकडे टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या पिळाला 'टक' आवाज करणारा पाना असतो, पण मोठा, ४० ते २०० न्यूटन-मीटरवाला. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर लागतात. हा रेंच तिथे 'टक' करणारच नाही, आणि आवाजाची वाट पाहता पाहता इंजिनचे आटे हातात येतील. लहान बोल्टांसाठी ५ ते २५चा वेगळा रेंच हवा. आकडा अंदाजाने नको, आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा. तो बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल लागलेला बोल्ट तेवढ्याच टॉर्कवर जास्त ताणला जातो.

स्पार्क प्लग असो वा इंजिन ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट, पहिले काही आटे बोटांनीच चढवा. आधी उलटा फिरवा, आटे जुळल्याचा हलका टप्पा बोटांना कळतो, मग सुलटा. प्लग काढताना इंजिन गार हवं. एखाद्या बोल्टला लॉक लिक्विड (तो आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं) लागणार असेल तर निळं, तेही थेंबभर. लाल लावलेला बोल्ट पुढे उघडताना हीट गन किंवा गॅसचा टॉर्च घेऊन बसावं लागतं.